अर्धं मिटलेलं बोट

“आउट का?” दादांनी विचारलं.

मी हो म्हणालो. चर्चच्या दाराशी उभा असलेला म्हातारा खरोखरच बाहेर निघाला होता. डोक्यावर टोपी, काखेत छत्री, डाव्या हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यानं मला तिसऱ्यांदा तेच दोन शब्द ऐकवले, “हाल्प फीअर.” मग परदेशी माणसं बहिरीही असतात असं वाटून की काय, त्यानं जुडगा असलेला हात वर करून बोटं दाखवली. चार बोटं. त्यातलं शेवटचं अर्धवट मिटलेलं होतं, संधिवातानं आखडल्यासारखं.

“हाल्प म्हणजे अर्धा, फीअर म्हणजे चार,” मी दादांना समजावलं. “आत्ता कामाला बाहेर चाललाय. साडेचारला या म्हणतोय.”

“साडेचार?”

“साडेचार.”

दादांनी आपल्याच हाताकडे एकदा बघितलं आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं. पण तोवर मी म्हाताऱ्याला ‘दांके, दांके’ म्हणत हात जोडत होतो. म्हाताऱ्यानं माझ्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. त्यानं दादांकडे बघून मान लववली, एका कारागिरानं दुसऱ्याला ओळख द्यावी तशी, आणि तो तरातरा निघून गेला. शनिवार होता, सकाळचे साडेदहा. आम्हाला व्हिएन्नात येऊन पुरते चौदा तासही झाले नव्हते आणि परतीचं विमान रविवारी दुपारी होतं.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. गावात ते घड्याळकाका. कराडपासून तासाभरावरचं आमचं गाव पूर्वी संस्थान होतं, आणि तिथल्या बाजारपेठेत ‘वामन तांबट अँड सन्स’ अशी पाटी होती. त्या सन्समधला एकुलता एक सन म्हणजे मी, निरंजन. मी कॉम्प्युटरच्या मागे लागून इंग्लंडात लीड्सला जाऊन बसलो होतो, तरी दादांनी पाटी बदलली नव्हती. ते दुकानाचं शटर नऊला उघडत आणि समोरचा सायकलवाला जगूअण्णा त्यावर आपलं घड्याळ लावी. लग्नाचा मुहूर्त अकराचा असला की दादा दहाला मांडवात हजर. आई म्हणायची, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, पण इथं नवरा दुसऱ्याचाच असतो.

गावात एक टॉवर आहे. शंभर वर्षांपूर्वी राजेसाहेबांनी त्यावरचं घड्याळ व्हिएन्नाहून आणवलं होतं. दर शनिवारी वर चढून त्याला चावी द्यायचं काम तीस वर्षं दादांनी केलं, तेही हौसेनं. मग एका वर्षी नगरपालिकेनं टॉवर रंगवायला काढला, रंगाऱ्यांनी यंत्र उघडून बाजूला ठेवलं आणि त्यातला एक तुकडा गहाळ झाला. दोन नख्यांचा, तळहाताएवढा पोलादी तुकडा. आमच्या दुकानात त्याला खेकडा म्हणत. चाकाचा एकेक दात तो पकडतो आणि सोडतो, म्हणून घड्याळ टिकटिकतं. दादांनी अंदाजानं तीन खेकडे घडवले. पहिल्यावर घड्याळ वीस मिनिटं चाललं, दुसऱ्यावर तास, तिसऱ्यावर जेमतेम दोन तास. नख्यांचा तिरकेपणा कुठंतरी चुकत होता. अकरा वर्षं टॉवरवर दोन वाजून दहा मिनिटं झालेली होती, आणि बाजारात जाता-येता दादा मान खाली घालून चालायचे.

आम्ही व्हिएन्नाला गेलो त्या वर्षी नवीन नगराध्यक्ष आले. त्यांनी जाहीर केलं की जुनं धूड उतरवून विजेवरचं घड्याळ बसवायचं, उद्घाटन सव्वीस जानेवारीला. त्यांचं औट घटकेचं राज्य, ते काय करणार आहेत, असं मी फोनवर म्हणालो होतो. दादा म्हणाले, “घड्याळ उतरवायला तेवढं पुरतं.” मग ते माझ्याकडे तीन महिने राहायला आले, आणि सामानात काय आणलं, तर रुमालात गुंडाळलेला तिसरा खेकडा.

आता मी चांगला मुलगा होतो, निदान त्या दिवसांत स्वतःला तसं समजत होतो. मी शोधाशोध केली, व्हिएन्नातल्या घड्याळांच्या हौशी लोकांच्या एका मंडळाला पत्रं पाठवली. तिथल्या बाईंनी कळवलं की त्याच कारागिराचं त्याच मापाचं घड्याळ शहराच्या टोकाला एका लहान चर्चच्या मनोऱ्यात आहे आणि अजून चालतं. लाइटनर नावाचे गृहस्थ दर शनिवारी वर जाऊन त्याला चावी देतात. त्यांना इंग्रजी येत नाही आणि फोनही नाही, तुम्ही येताय असं मी पत्रानं कळवते, शनिवारी सकाळी चर्चपाशी गाठा. बाईंनी फोटोही पाठवला होता, पण त्यात अंधार आणि एक चाक एवढंच दिसत होतं. दादा म्हणाले, फोटो नको, दोन मिनिटं हात लावू दे आणि कागदावर ठसा काढू दे, बास. मी म्हटलं, शनिवार-रविवार जोडून जाऊ, व्हिएन्नाही बघून होईल. एका दगडात दोन पक्षी.

जर्मनची मला काळजी नव्हती. पुण्यात असताना मी दीड महिना जर्मनच्या वर्गाला गेलो होतो. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं कशाला म्हणतात ते त्या वेळी कोणी मला विचारायला हवं होतं.

चर्चपासून निघालो तेव्हा माझ्या डोक्यात हिशोब पक्का होता. सहा तास हातात. राजवाडा, मोठं चर्च, मग जत्रेच्या मैदानातला तो प्रसिद्ध पाळणा, आणि साडेचारला परत.

दादांना मात्र चैन नव्हतं. राजवाड्याच्या बागेत त्यांनी कारंज्याकडे पाठ करून घड्याळ बघितलं. बाकावर बसून आम्ही लीड्सहून निघायच्या दिवशी त्यांनीच पहाटे उठून केलेले मेथीचे धपाटे खाल्ले, तेव्हा एक घास आणि एक नजर मनगटावर, असं चाललं होतं. ट्रामला किती वेळ लागतो, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. ट्राम चुकली तर दुसरी कधी असते, हे एकदा. मोठ्या चर्चमध्ये लोक माना वर करून रंगीत काचा बघत होते आणि दादा कोपऱ्यातल्या एका घड्याळापाशी उभे राहून आपल्या मनगटावरचं घड्याळ त्याच्याशी ताडून बघत होते. त्यांचा शर्टाचा खिसा फुगलेला होता. खिशात खेकडा, घडी केलेला पातळ कागद आणि पेन्सिल. दर पाच मिनिटांनी ते खिशावरून हात फिरवायचे.

अडीचला ते म्हणाले, “आपण जाऊन बसू या का तिथं? मी पायरीवर बसेन. तू हिंड.”

“दोन तास पायरीवर बसून काय करणार?”

“बसेन की. मला काय त्याचं.”

मी चिडलो. माझ्या चिडण्याला निमित्त लागत नाही, पण तेव्हा मला ते निमित्त रास्त वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस युरोपात आलाय, पुन्हा येणार नाही, आणि याला इथल्या एका पायरीवर बसायचंय. मी म्हणालो की पाळणा बघू, तो शंभर वर्षांवर जुना आहे, त्याचं यंत्र तरी बघा. यंत्र म्हटल्यावर ते आले.

पाळणा म्हणजे आपल्या जत्रेतला नव्हे. लाकडी खोल्याच्या खोल्या टांगलेल्या आणि त्या मुंगीच्या पावलानं वर जातात. रांगेत पाऊण तास गेला. आमची खोली वर चढू लागली तेव्हा सव्वातीन होऊन गेले होते. सगळ्यात वर पोचल्यावर खाली माणसं चढवायला पाळणा थांबला आणि सारं शहर समोर आलं. दादांनी त्यातलं काही बघितलं नाही. ते खिडकीशी उभे राहून लांबवर, जिथं घरं संपून टेकड्या सुरू होत होत्या तिकडं काहीतरी शोधत होते. मग खालून कुठल्यातरी चर्चची घंटा ऐकू आली.

“साडेतीन,” दादा म्हणाले.

“तासभर आहे अजून.”

“निरू, त्या माणसाचं बोट दुखरं नव्हतं रे.”

“कुठलं बोट?”

“चौथं. त्याच हातानं त्यानं कुलूप लावलं. किल्ली फिरवताना ते बोट सरळ झालं होतं. मी बघत होतो. आपल्याला दाखवताना मात्र त्यानं ते मुद्दाम अर्धं मिटलं.”

“मग?”

“मग म्हणून विचारतो. त्यानं नक्की साडेचारच सांगितलं ना?”

सकाळपासूनची माझी धुसफूस तिथं वर, बंद खोलीत, उफाळून आली. खोलीत आणखी एक जोडपं होतं, त्यांना मराठी कळणार नव्हतं, त्यामुळे आवाज खाली ठेवायचंही कारण नव्हतं. मी म्हणालो, “दादा, जर्मन तुम्हाला येतं की मला?”

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. पाळणा हलला, आमची खोली खाली यायला लागली.

“तुलाच येतं,” ते म्हणाले, आणि बाकावर जाऊन बसले.

त्यानंतर त्यांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही. मला वाटलं, चला, निवळले. मी त्यांना कॉफी आणि केक खायला घेऊन जाणार होतो, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तो बेत सोडला आणि ट्राम पकडली. वाटेत मी बरंच बोललो. ते हूं म्हणत होते. चर्चच्या फाटकाशी उतरलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. दहा मिनिटं आधीच आलो ना, असं मी त्यांना म्हणालोसुद्धा.

दार बंद होतं. साडेचार झाले, पावणेपाच झाले. दादा मनोऱ्याच्या दारापाशी उभे होते, मी फाटकाशी येरझाऱ्या घालत होतो. प्रत्येक टोपीवाला मला लाइटनर वाटत होता. ही माणसं वेळेची पक्की असतात म्हणे, असं मी मोठ्यानं म्हणालो. पाच वाजता वरच्या घड्याळानं टोल दिले, तेव्हा दादांनी कान लाकडी दाराला लावला आणि डोळे मिटले. टोल संपल्यावरही ते तसेच उभे राहिले.

शेजारच्या कबरस्तानातून एक बाई फुलांची रिकामी टोपली घेऊन आल्या. त्यांना इंग्रजी येत होतं. मी विचारलं, लाइटनर कधी येणार आहेत. त्या म्हणाल्या, ते तर गेले. चावी देऊन झाल्यावर खाली येऊन अर्धा तास वाट बघत थांबले होते. तुम्हीच का ते भारतातले घड्याळजी? तुमच्यासाठी दोन टॉर्च आणले होते त्यांनी, जिन्यात अंधार असतो म्हणून. चारला बॅग घेऊन स्टेशनवर गेले. लेकीकडे दहा दिवस राहणार आहेत.

“पण त्यांनी तर साडेचारला बोलावलं होतं,” मी म्हणालो.

“नाही हो. हाल्प फीअर म्हणाले असतील. म्हणजे साडेतीन. चौथा तास अर्धा झाला, असं आम्ही म्हणतो. तुम्हा इंग्रजी बोलणाऱ्या लोकांचं हे नेहमी होतं.”

लीड्सच्या ऑफिसात माझ्या टेबलाशेजारचे लोक साडेचारला ‘हाफ फोर’ म्हणत, आणि माझ्या मराठी कानाला साडे आणि चार यांचा जोड बरोबरच वाटत असे. म्हणजे एक सोडून दोन भाषांनी मला चुकीचं शहाणं केलं होतं, आणि तिसरी, जी येते म्हणून मी छाती फुगवली होती, ती मला येत नव्हती. त्या बाई गेल्यावर मी कितीतरी वेळ फाटकाची दांडी धरून उभा होतो. वळून दादांकडे जायला पाय उचलत नव्हते.

“काय म्हणत होत्या?” दादांनी विचारलं.

“गैरसमज झाला आपला,” मी म्हणालो. ‘आपला’ म्हणालो. “त्यांच्यात साडेतीनला तसं म्हणतात म्हणे. तो येऊन गेला. दहा दिवसांनी येणार आहे.”

“बरं.”

एवढंच. ते पायरीवर बसले. खिशातून रुमाल काढला, खेकडा बाहेर घेतला, उजेडात धरून त्याच्या दोन्ही नख्यांवरून अंगठा फिरवला आणि परत गुंडाळून ठेवला. मग मला म्हणाले, “या घड्याळाचा ठोका आपल्या घड्याळापेक्षा संथ आहे. दारातून ऐकू येतो. तू पण ऐक.” मी कान लावला. मला काहीच ऐकू आलं नाही, पण मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा तिथं गेलो. प्रार्थनेनंतर पाद्रीबुवांना भेटलो. भला माणूस होता. मनापासून वाईट वाटलं त्याला, पण जिना जुना आहे आणि लाइटनरशिवाय कोणाला वर सोडता येत नाही, म्हणाला. मी हुज्जत घालायला लागलो, तेव्हा दादांनी माझ्या दंडाला धरलं. “चल निरू. विमान चुकेल.” विमानाला पाच तास होते. आम्ही चार तास विमानतळावर बसून राहिलो, आणि त्या चार तासांत मी दादांना तीनदा सांगितलं की मी लाइटनरला पत्र लिहून ठसा मागवून घेतो. लिहिलंही. फेब्रुवारीत लिहिलं, कारण मधे कामं होती.

दादांनी गावी परतल्यावर कानात धरून आणलेल्या त्या ठोक्यावरून चौथा खेकडा घडवला. टॉवरचं घड्याळ त्यावर नऊ तास चाललं. नऊ तास गाव वर बघत होतं, असं जगूअण्णानं मला फोनवर सांगितलं. मग ते थांबलं. सव्वीस जानेवारीला बँड लावून विजेचं घड्याळ बसलं आणि जुनं यंत्र पालिकेच्या गोदामात गेलं.

त्या वर्षीच्या मे महिन्यात मी घरी गेलो होतो. दुकानात चहा चालला होता. जगूअण्णा एका नव्या गिऱ्हाइकाला सांगत होता, “हे आमचे घड्याळकाका. उभ्या जन्मात कुठं पाच मिनिटं उशिरा गेले नाहीत. आणि गेले कुठं उशिरा? तर थेट व्हिएन्नाला. तेही तासभर.” सगळे हसले. दादाही हसले.

“वय झालं आता,” दादा म्हणाले. “हा बिचारा चल चल म्हणत होता. मलाच त्या पाळण्यात बसायची हौस आली.”

मी हातात चहाचा कप घेऊन उभा होतो. दादांनी माझ्याकडे बघितलं नाही, डोळ्याला भिंग लावून ते समोरच्या घड्याळात वाकले. मी चहा प्यायलो. नंतर प्रत्येक सुट्टीत मी ती गोष्ट कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकली. दरवेळी त्यात थोडी भर पडलेली असायची. एकदा तर दादांनी पाळण्यात बसून जिलेबी खाल्ली होती. दरवेळी दादा हसायचे आणि दरवेळी मी चहा प्यायचो.

दादा गेले त्याला आता सहा वर्षं होतील. मी पोचलो तोवर सगळं उरकलेलं होतं. अकराव्या दिवशी सकाळी भेटायला पहिले आले ते आष्टेकर मास्तर. दादांचे शाळासोबती, दादांच्याच वयाचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसत. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मास्तर आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, “व्हिएन्नाहून आला तेव्हा मला पहिली गोष्ट काय सांगितली त्यानं, ठाऊक आहे? म्हणाला, मास्तर, त्या लोकांच्यात अजून औट चालतं.”

“काय आउट चालतं?”

“आउट नव्हे रे. औट. औटकी.”

मास्तरांना माझी कीव आली असावी.

“तुमच्या वेळेला शिकवत नव्हते. आम्हाला पाढ्यांच्या मागोमाग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. छड्या खाऊन पाठ केलेली. बे औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा. औट घटकेचं राज्य म्हणतोस ना तू?”

“म्हणतो.”

“औट घटका म्हणजे किती?”

“थोडा वेळ,” मी म्हणालो.

“साडेतीन घटका. औट म्हणजे साडेतीन. मूळ शब्द अर्धचतुर्थ. तीन पुरते, चौथा अर्धा. आमचे गुरुजी असं दाखवायचे.” आणि मास्तरांनी हात वर केला. तीन बोटं ताठ, चौथं अर्धं मिटलेलं.

चर्चच्या दारातला तो म्हातारा, त्याचा हात, किल्ल्यांचा जुडगा, आणि माझ्या शेजारी उभे असलेले दादा. आउट का, असं ते कधी म्हणालेच नव्हते. एक अक्षर जर्मन न येणाऱ्या माणसानं ते बोट बघितलं होतं, ओळखलं होतं, आणि आपल्या जर्मन येणाऱ्या मुलाला आपल्या भाषेत बरोबर वेळ विचारली होती. औट का? आणि मी हो म्हणालो होतो.

“तो म्हणाला मला,” मास्तर सांगत होते, “की निरूला विचारलं मी. आधी हो म्हणाला, मग साडेचार म्हणाला. तेव्हाच ओळखलं की याला औट कळत नाही. मी म्हटलं, मग सांगायचंस की त्याला, गाढवा. तर म्हणाला, वर पाळण्यात एकदा सांगायला गेलो. पण खाली उतरून पोचेपर्यंत तसेही चार वाजून गेले असते. मग कशाला त्याचा दिवस नासवायचा.”

म्हणजे वरून उतरतानाच त्यांना सगळं ठाऊक होतं. ट्राममध्ये मी बडबडत होतो तेव्हाही. दहा मिनिटं आधी आलो ना, म्हणालो तेव्हाही. पाच वाजेपर्यंत त्या बंद दारापाशी ते माझ्यासाठी उभे होते.

तेवढ्यात लोक यायला लागले. बाजारातले दहा-बारा जण सतरंजीवर बसले, दादांच्या आठवणी निघाल्या, आणि जगूअण्णा ती गोष्ट काढणार हे मला ठाऊक होतं. त्यानं काढली. “देवमाणूस. आयुष्यात एकदाच उशीर झाला त्यांना,” तो म्हणाला, “आणि तोही पाळण्यात बसायच्या हौसेपायी.”

“अण्णा, दादांना उशीर झाला नव्हता,” मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्या माणसानं साडेतीनला बोलावलं होतं, दादांना ते बरोबर कळलं होतं, मला जर्मन येतं म्हणून मी त्यांना गप्प केलं, पाळण्यात बसायचा हट्ट माझा होता. टॉवरचं घड्याळ माझ्यामुळं बंद पडून राहिलं.

मग जगूअण्णा उठला, माझ्याजवळ येऊन बसला आणि त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

“बघा,” तो बाकीच्यांकडे वळून म्हणाला, “बाप गेला, तरी बापाची चूक पोरगा आपल्या अंगावर घेतोय. असा मुलगा मिळायला नशीब लागतं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी डोळे पुसले. मी मास्तरांकडे बघितलं, निदान त्यांना तरी खरं ठाऊक होतं. मास्तर खाली मान घालून सतरंजीचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होते. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात आतून चहा आला आणि पहिला कप मास्तरांनी माझ्याच हातात दिला.